उरलेली फिल्म

दिवाळीची सुटी संपून शाळा भरली की आमच्याकडे दहावीचे फॉर्म सुरू होतात. हवेत गारवा आलेला असतो. मैदानातल्या कडुनिंबाखाली मुलं सकाळचं ऊन शोधत उभी असतात आणि मी कार्यालयात संगणकासमोर बसलेली असते. वर्गशिक्षिका म्हणून नावं, जन्मतारखा आणि फोटो तपासायचं काम माझ्याकडं असतं. फोटो आता मुलं घरीच मोबाइलवर काढतात. मागं पांढरी भिंत हवी, दोन्ही कान दिसायला हवेत, हसायचं नाही, एवढं मी वर्गात सांगते. पण चिकलठाण्याच्या ज्या घरांमधून आमची मुलं येतात तिथं पांढरी भिंत मिळणं सोपं नसतं. कुठं पोपटी रंग असतो, कुठं पत्रा, कुठं नुसत्या विटा.

यंदा एका मुलाचा फोटो आला. मागं स्वच्छ पांढरं, मुलगा ताठ बसलेला, कान दोन्ही जागेवर. फक्त वरच्या कोपऱ्यात चार बोटं दिसत होती. मी त्याला बोलावून घेतलं.

"अरे, ही बोटं कुणाची?"

"मम्मीची, मॅडम. तिनं चादर धरली होती."

"आणि दुसरा कोपरा?"

"तिकडं खिळा होता."

मागं उभी असलेली मुलं खिदळली. "मॅडम, त्याची मम्मी पण दहावीला बसणारे," एक जण म्हणाला. तो मुलगाही हसला, मग माझ्याकडं बघून गंभीर झाला. "कापून टाकू का, मॅडम?"

"टाक," मी म्हणाले. नियमच तसा आहे. त्यानं मोबाइलवर अंगठा सरकवला आणि ती बोटं गेली. फॉर्म बिनचूक भरला गेला. मला मात्र दुपारी डबा खातानाही ती बोटं दिसत राहिली. दर वर्षी या दिवसांत मला माझं गाव पिशोर आठवतंच, पण यंदा ते जरा जास्तच जवळ आलं.

पिशोरला फॉर्मचे दिवस म्हणजे कापूस वेचणीचे दिवस. कापसाच्या गाड्या गेल्या की रस्त्याकडेच्या बाभळींच्या काट्यांवर पुंजके अडकून राहायचे. सकाळी दव असायचं म्हणून वेचणीला ऊन वर आल्यावर सुरुवात व्हायची आणि बायका संध्याकाळी परतायच्या तेव्हा त्यांच्या केसांत, भुवयांत, लुगड्याच्या निऱ्यांत कापसाचे तंतू असायचे. आमच्या घरात त्या दिवसांत एक कोरडा, उबदार वास असायचा. सरकीचा की मायच्या अंगाचा, ते मला कधी वेगळं करता आलं नाही. मी चुलीसमोर बसून भूमितीची प्रमेयं पाठ करायची आणि माय माझं ऐकत बोटांना तेल लावायची. बोंडाच्या टोकांनी तिची बोटं फाटलेली असायची. मी म्हणत होते त्यातला एक शब्द तिला कळत नव्हता, पण मी मध्येच थांबले की ती लगेच म्हणायची, "पुढं?"

शाळेत फॉर्मसाठी फोटो मागितले की सगळी दहावी रऊफचाचांच्या स्टुडिओकडं निघायची. स्टुडिओ म्हणजे पिठाच्या गिरणीवरची एक खोली. गिरणी चालू असली की ती खोली हलायची. आरसा थरथरायचा, खिळ्याला टांगलेला कंगवा झुलायचा. म्हणून चाचांनी एक पद्धत ठरवली होती. फोटो काढायच्या आधी ते जमिनीवर दणदण पाय आपटायचे. खाली गिरणीवाला पट्टा सरकवायचा, घरघर हळूहळू बंद व्हायची, आणि त्या शांततेत चाचा बटण दाबायचे. दळणाच्या रांगेतल्या बायका वर बघून म्हणायच्या, "निघाला कुणाचा तरी फोटू." पुन्हा पाय आपटला की गिरणी चालू. फॉर्मच्या दिवसांत गावात कुणालाच वेळेवर पीठ मिळत नसे, आणि त्याबद्दल कुणी तक्रारही करत नसे. पोरांच्या परीक्षेचं काम होतं.

माझ्या फोटोच्या दिवशी माय शेतातूनच थेट आली होती. कमरेला कापसाची रिकामी झोळी तशीच बांधलेली. तिनं मला दारातच धरलं आणि कनवटीला बांधून आणलेली पावडर तोंडाला फासली.

"भाभी, इतनी पावडर!" चाचा ओरडले. "परीक्षा आहे, नाटक नाय."

"असू द्या हो. जरा गोरी दिसंल."

"गोरी दिसून मार्क वाढतेत व्हय?"

त्यांनी फडक्यानं माझं तोंड पुसलं आणि मला स्टुलावर बसवलं. मागं तळं आणि हंस रंगवलेला एक मोठा पडदा होता. लग्न झालेल्या जोडप्यांना तो मिळायचा. आम्हा परीक्षावाल्यांसाठी त्यावर पांढरी चादर टाकायचे. "हनुवटी वर. श्वास रोख." पाय आपटले, गिरणी थांबली, आणि माझा फोटो निघाला. मी आरशासमोर जाऊन रिबिनी नीट करू लागले. पुन्हा पाय आपटल्याचा आवाज, पुन्हा गिरणीची घरघर. चाचांनी मायला आत बसायला सांगितलं. "नको, कापूस लागंल तुमच्या सतरंजीला," ती म्हणाली. मग ते आणखी काही तरी बोलले आणि माय "नाय बा, नाय" म्हणत हसली. एवढंच मला आठवत होतं.

तिचं कुठलंही बोलणं 'नाय'नंच सुरू व्हायचं. चहा घेतेस का, नाय. बस, दम खा, नाय. मी कॉलेजला शहरात राहू का, यालाही तिचं पहिलं उत्तर तेच होतं. दुसऱ्या दिवशी पहाटे तिनं माझी पिशवी भरून ठेवली होती.

मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला असताना माय गेली. तापाचं निमित्त झालं. आमच्या घराण्यात पदवी घेणारी मी पहिली. ती पदवी मला वसतिगृहाच्या बाईंनी, पुस्तकं देणाऱ्या सरांनी, गावातून माझ्यासाठी डबा पाठवणाऱ्या कितीतरी जणांनी मिळवून दिली, आणि त्या सगळ्यांचे आभार मी जमेल तसे मानत आले. मायचे मानायचे राहिले, कारण तिचे आभार मानायचे असतात हे कळेपर्यंत ती नव्हती.

तिचा एकही धड फोटो नव्हता. तिच्या पुण्यानुमोदनाच्या विधीला दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, तिच्या मतदार ओळखपत्रावरचा फोटो शहरातून मोठा करून आणला. कारागिरानं डोळे काळे केले, भुवया कोरल्या, ओठ रंगवले आणि केसांवरून नवाकोरा पदर घातला. दादा बराच वेळ त्या तसबिरीकडं बघत राहिले. "लुगडं चांगलं नेसवलंय," ते म्हणाले, "पण तोंड तिचं नाय."

तरी तीच तसबीर लागली. नंतर मी संसाराला लागले तेव्हा तिची एक प्रत माझ्या घरी आली. बुद्ध आणि बाबासाहेब यांच्या तसबिरींच्या खाली ती आहे. माझी मुलगी मित्रा लहान होती तेव्हा मी तिला सांगायची, ही तुझी आजी. एकदा तिनं विचारलं, "आजी अशीच होती?" मी हो म्हणाले. पण मग मला भीती वाटायला लागली. रोज तो चेहरा बघून माझ्या आतली माय पुसली जात होती. डोळे मिटले तरी त्या कोरलेल्या भुवयाच यायच्या. आवाज आठवायचा, वास आठवायचा, फाटलेली बोटं आठवायची, तोंड आठवेना. चाळिशी उलटून गेली तसं ते आणखी लांब गेलं. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. आईचा चेहरा आठवत नाही, हे कुणाला कसं सांगणार?

त्या चार बोटांच्या आठवड्यातच रुबीनाचा फोन आला. रुबीना म्हणजे रऊफचाचांची मुलगी. दहावीपर्यंत आम्ही एका बाकावर बसलो. आता ती इथंच शहरात, रोशनगेटच्या बाजूला राहते, घरी शिवणकाम करते. तिचा नवरा वाळूजला कंपनीत आहे. चाचा दोन वर्षांपूर्वी गेले तेव्हा मी तिला भेटले होते, त्यानंतर फोनच.

"वंदू, स्टुडिओ खाली करून द्यायचाय. गिरणीवाल्याच्या पोराला तिथं झेरॉक्स टाकायचंय. मी सामान आणायला गेले होते. तुला त्यो हंसाचा पडदा याद आहे?"

"आहे की."

"त्याच्या मागं भिंतीत कपाट निघालं. मला पण ठाऊक नव्हतं बघ. टोस्टचे डबेच डबे. सगळे निगेटिव्हनं भरलेले. तू ये आधी."

रविवारी मी गेले. तिचा नवरा पहिल्या पाळीला गेला होता. कापडाचे ताके बाजूला सारून तिनं खिडकीखाली चटई टाकली होती आणि चटईवर पत्र्याचे डबे मांडले होते. उघडल्यावर आंबूस वास आला. चाचांच्या कपड्यांना यायचा तोच. आत फिल्मच्या कापलेल्या पट्ट्या, सायकलच्या ट्यूबच्या रबरांनी बांधलेल्या. काही डब्यांमध्ये फक्त आम्ही होतो. वर्षानुवर्षांची दहावी-बारावी, हनुवटी वर, श्वास रोखलेला. पण उरलेल्या डब्यांमध्ये विद्यार्थी नव्हतेच. दारात उभी असलेली माणसं होती.

रुबीनानं त्याचा उलगडा केला. फॉर्मची तारीख जवळ आली की रोल पुरता भरायची वाट बघायला वेळ नसायचा. संध्याकाळी तो धुवावाच लागायचा, आणि शेवटचा थोडा भाग कोरा राहायचा. कोरी फिल्म धुवायला चाचांच्या जिवावर यायचं. मग पोरांबरोबर आलेलं जे कुणी दारात उभं असेल त्याच्याकडं ते कॅमेरा वळवायचे. पण फोटो काढतो म्हटलं की बायका पळायच्या. उगीच खर्च, म्हणायच्या.

"म्हणून अब्बा काय म्हणायचे माहिती? रोल खाली झाला, भाभी, नुसता उजेड बघतोय. आन् बटण दाबायचे. अम्मीला ठाऊक होतं ते. तिनं मला कधीतरी सांगितलं होतं, पण मला वाटलं फोटो फेकून देत असतील."

"छापले का नाहीत मग?"

"एक छापला होता म्हणे. एका बाईला प्रेमानं नेऊन दिला. तिचा नवरा स्टुडिओवर चालून आला, माझ्या बायकोचा फोटो कुणाला विचारून काढला म्हणून. त्यानंतर छापायचं बंद. काढायचं मात्र सुटलं नाही."

मी एक पट्टी खिडकीशी धरली. चाचांना आपण फोटो काढतोय हे कळू द्यायचं नव्हतं, म्हणजे पाय आपटून गिरणी थांबवता येत नव्हती. त्यामुळं त्या डब्यांमधला प्रत्येक फोटो किंचित हललेला होता. माणसांच्या कडांना बारीक थरथर होती. रुबीनाच्या मोबाइलमध्ये रंग उलटे करून दाखवायची सोय होती. तिनं तो पट्टीवर धरला की काळ्याचं पांढरं होऊन माणसं उजेडात यायची. एक म्हातारा पायरीवर बसून झोपलेला, मांडीवर नातवाचं दप्तर. एक बाई कडेवरच्या मुलाला भिंतीवरचे फोटो दाखवत असलेली. गिरणीतून वर आलेला हमाल, भुवयांपर्यंत पिठानं पांढरा, आरशात मिशी बघणारा.

"ह्यो आपल्या पीटीच्या सरांचा बाप!" रुबीना ओरडली. "बघ, पोरगा आत फोटो काढतोय आन् हा बाहेर कंगवा फिरवतोय."

"सरांपेक्षा देखणा आहे."

"सरांना सांगू नको, लंगडी घालायला लावतील."

आम्ही दहावीतल्यासारख्या हसलो. कितीतरी जणांना आम्ही ओळखलं, कितीतरी जणांना नाही. रऊफचाचांना गावात कुणी कलावंत म्हटलं नाही. त्यांनीही स्वतःला म्हटलं नसावं. ते फॉर्मचे फोटो काढणारे, बस. स्टुलावरच्या आमच्या फोटोंमध्ये त्यांनी आम्हाला सारखंच करून टाकलं होतं, कारण तसंच हवं होतं. पण दारातल्या माणसांना कुणाचा नियम नव्हता. त्यांच्याकडं बघताना चाचांनी घाई केलेली दिसत नव्हती. पोराचं काम होईपर्यंत ताटकळणाऱ्या माणसाच्या तोंडावर जे असतं, ते त्यांना बरोबर सापडलं होतं. अभिमान म्हणावा तर तसा नाही, काळजी म्हणावी तर तशीही नाही. आणि ही सगळी माणसं त्या हंसाच्या मागं पडून होती. आम्ही त्यांच्याकडंच पाठ करून स्टुलावर बसलो होतो.

दुपार कलली तशी रुबीनानं हातातली पट्टी खाली ठेवली. "विचारून काढलेले नाहीत गं हे," ती म्हणाली. "अब्बांनी खोटं सांगून काढले. मला चांगलं पण वाटतंय आन् कसंतरी पण होतंय." मग तिनं मनात धरलेलं सांगितलं. सगळे छापून घ्यायचे, पिशोरच्या बाजाराच्या दिवशी गिरणीसमोर दोरीला चिमट्यांनी लावायचे. ज्याचा त्यानं ओळखून घेऊन जावा. ठेवायचा तर ठेवावा, फाडायचा तर फाडावा. "निदान आता तरी विचारू."

मी मान डोलावली, पण माझं लक्ष शेवटच्या डब्यात होतं. सकाळपासून मी जे बोलले नव्हते ते तिला कळलं असावं. तिनं तो डबा माझ्याकडं सरकवला आणि चहा टाकायला आत गेली.

मी एकेक पट्टी उजेडाला धरत गेले. मोबाइल तिच्याबरोबर आत गेला होता, म्हणून नुसत्या डोळ्यांनी. निगेटिव्हमध्ये तोंडं ओळखू येत नाहीत, फक्त उभं राहणं ओळखू येतं. आणि एका पट्टीवर मला ते उभं राहणं दिसलं. दाराच्या चौकटीला खांदा, कमरेला झोळीची गाठ, एक हात वर उचललेला. 'नाय बा' म्हणणारा हात. हातापाशी फिल्म थोडी पुसट होती. तो हात हललेला होता. चेहऱ्याला गिरणीची तेवढी थरथर, बाकी तो स्थिर होता.

माय नेहमी म्हणायची, माझ्या काळ्या तोंडाचा काय फोटू काढायचा. त्या पट्टीवर तिचं तोंड लख्ख उजळलेलं होतं. आणि केस पांढरेशुभ्र. त्या पांढऱ्या केसांत बारीक काळे ठिपके होते. ते काय, हे मला आधी कळेना. मग कळलं. कापूस होता तो.

रुबीना चहा घेऊन आली तेव्हा मी पट्टी धरून तशीच बसले होते. तिनं मोबाइल पुढं केला. रंग उलटले आणि काळी, किडकिडीत, हसणारी एक बाई दारात आली. भुवया विस्कटलेल्या, पुढचा एक दात किंचित बाहेर. तो दात मी साफ विसरले होते.

"ठेवायचा का?" रुबीनानं हळूच विचारलं. जणू मीही बाजाराच्या दिवशी दोरीसमोर उभी होते.

माझ्या मनात तो उचललेला हात होता. माय नाही म्हणत होती, आणि ते मी माझ्या कानांनी ऐकलं होतं. ज्याचा त्यानं निर्णय घ्यावा, हे रुबीनाचं म्हणणं मला पटलं होतं. पण जिचा फोटो ती तर आता नव्हती. मी तिथूनच पिशोरला दादांना फोन लावला. सगळं सांगितलं, हातासकट.

पलीकडं दादा खाकरले. "नाय म्हणती का ती?"

"हो. हात वर केलाय."

"हसती का?"

"हसते आहे."

"मग व्हय म्हणती. एवढी वर्सं तिच्यासंगं राहिलो मी. तिचा नाय कसा असतो ते मला ठावं हाय. तू लाव भितीवर. आन् मला एक पाठव. त्या रंगवलेल्या बाईला आता खाली उतरवतो. लई दिवस झाले तिला घरात."

फोटो मी मोठा करून घेतला, पण कारागिराला बजावून सांगितलं की काहीही कोरायचं नाही, काहीही रंगवायचं नाही, हललेला हात हललेलाच राहू द्यायचा. जुन्या तसबिरीच्या जागी तो आता लागला आहे. मित्रा कॉलेजातून आली आणि पायातल्या चपला तशाच ठेवून त्याच्यासमोर उभी राहिली.

"आजीच्या केसांत काय आहे?"

"कापूस."

"आणि हसते कुणाकडं बघून?"

चाचा कॅमेऱ्यामागं होते. आरसा त्यांच्या डावीकडं होता आणि माय तिकडं बघत होती. तिथं मी रिबिनी नीट करत होते. हे मी मित्राला सांगितलं आणि आरसा कुठं होता ते बोटानं दाखवलं.

रुबीनानं मला ती पट्टीही दिली. "छापून झालं, आता हिचं काय काम," असं ती म्हणाली नाही, याबद्दल मी तिची ऋणी आहे. पट्टी मी माझ्या शिक्षक-डायरीच्या खिशात ठेवली आहे. कार्यालयात फॉर्म तपासून झाले आणि मुलं पांगली की कधीकधी ती काढते आणि खिडकीशी धरते. माय गेली तेव्हा तिचा एक केस पिकला नव्हता. माझे कानांजवळचे यंदा पांढरे झालेत. मेंदी लावायचं मी सोडून दिलं आहे. भिंतीवरची माय माझ्यापेक्षा लहान आहे. पट्टी खिडकीशी धरली की तिचे केस पांढरे होतात आणि ती पुन्हा माझ्यापेक्षा मोठी होते.